उभी बाजू

मच्छिंद्र दिघ्यांनी टर्मिनलच्या कळा बोटांनी मोजल्या. डावीकडून चौथी, वरून दुसरी. मग एकेक अक्षर दाबत त्यांनी कमांड टाइप केली आणि शेवटची लांबट कळ दाबण्याआधी हात वरच्या वर थांबवला.

“मॅडम, काय उमटलंय ते वाचा बरं जरा. चष्मा घरीच ऱ्हायला आज.”

दीपा पगारे त्यांच्या मागेच उभी होती. तिनं वाकून पडद्यावरची हिरवी अक्षरं वाचून दाखवली. एकही चूक नव्हती. दिघ्यांनी कळ दाबली.

“आता?”

“लॉक लागला म्हणतंय.”

“लागला. आता उभी गप ऱ्हाईल.”

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि यंत्राच्या दाराकडे गेले. त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशातून चष्म्याची काडी बाहेर आली होती. दीपानं ती पाहिली. सलग तिसऱ्या शनिवारी चष्मा घरी राहिला होता.

बेलखेडीचं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे दोन खोल्या आणि मागं एक चिंचेचं झाड. कोल्हारपासून आठ किलोमीटर. आतल्या खोलीत कपाटाएवढी दोन यंत्रं शेजारी शेजारी होती आणि गावातले नि वाड्यावस्त्यांवरचे मिळून चारशे ऐंशी फोन त्यांच्यावर चालत. खात्याच्या पुस्तकात या दोन बाजूंना इंग्रजी नावं होती. दिघे त्यांना चालती आणि उभी म्हणत. फोन जोडणं, एसटीडीचे कॉल मोजणं, तक्रारी नोंदवणं असे पाच-सहा प्रोग्रॅम चालती बाजू सांभाळी. उभी नुसती जागी असे. क्षणाक्षणाला ती चालतीला विचारी, आहेस का? उत्तर आलं नाही, की सगळी कामं झडप घालून स्वतःकडे घेई. त्या झडपेत अर्धं मिनिट सगळं गाव मुकं होई, चाललेली बोलणी मधेच तुटत, आणि असं का झालं ते दुसऱ्या दिवशी वर लिहून कळवावं लागे.

म्हणून चालतीला हात लावायचा, तर आधी उभीला लॉक लावायचा.

“तिला सांगायचं,” दिघ्यांनी पहिल्याच आठवड्यात दीपाला शिकवलं होतं, “ही आपल्या मर्जीनं बसलीय. मेली न्हाई. तू जागची हलू नको. आन काम झालं की लॉक काढायचा इसरायचं न्हाई, मॅडम. न्हाईतर खरंच काय झालं तरी ती हलायची न्हाई.”

दीपा कोपरगावची. वडील साखर कारखान्यात कामगार, तीन भावंडांत ती थोरली, आणि त्यांच्या आळीतली पहिली इंजिनियर. बेलखेडी ही तिची पहिली नेमणूक, आणि एक्स्चेंजची ती एकटी अधिकारी. रुजू झाली त्या दिवशी गावातल्या दोघातिघांनी तिला नाव विचारलं, मग आडनाव पुन्हा एकदा विचारलं, मग गाव. दिघ्यांनी विचारलं ते एवढंच, “डबा आनता का?” ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरून परतताना त्यांच्या पिशवीत डबा होता.

“भीमानं धाडलाय,” ते म्हणाले.

भीमाबाई ही त्यांची बायको. दीपानं तिला पाहिलं नव्हतं. डब्यातल्या भाकरी काठाला जाड असत, एखाद्या ठिकाणी करपलेल्या असत. वयामुळे बाईचा हात बसत नसेल, असं दीपाला वाटे. ती सगळी भाकरी खाई आणि डबा विसळून परत देई.

पुढच्या शनिवारी तिला बैठकीसाठी नगरला जावं लागलं. यंत्रांची दर शनिवारची साफसफाई दिघ्यांनी एकट्यानं केली. त्यानंतर गुरुवारी सकाळी दीपा सहज म्हणून टर्मिनलपुढे बसली, आणि तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

लॉक काढलेलाच नव्हता.

पाच दिवस चालती बाजू एकटी होती. या पाच दिवसांत तिला काही झालं असतं, तर उभी शेजारी उभी राहून नुसती पाहत बसली असती. आरोग्य केंद्राचा फोन, पोलीस पाटलाचा फोन, सगळे फोन तासन्‌तास बंद पडले असते. दीपानं लॉक काढला. पडदा दोनदा वाचला. मग नोंदवही उघडली.

शनिवारच्या पानावर दिघ्यांचं अक्षर होतं. ‘लॉक काढला. पाहिला. ठीक.’ अक्षरं ओळ सोडून वर चढली होती आणि शेवटचा शब्द आधीच्याच शब्दावर बसला होता. दीपानं मागची पानं चाळली. जुन्या पानांवरचं अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं सरळ होतं. पुढं पुढं ते हळूहळू कलत गेलं होतं.

बारा वाजता दिघे रोजच्यासारखे घरी गेले. दहा मिनिटांनी दीपानं शिपायाला बसायला सांगितलं, नोंदवही काखेत घेतली आणि ती त्यांच्या मागोमाग गेली. घर तीनशे पावलांवर होतं. दार उघडंच होतं.

आत चुलीपुढे दिघे बसले होते. तव्यावर भाकरी होती. ते तव्याकडे पाहत नव्हते, मान जरा वळवून खाटेकडे कान लावून बसले होते. खाटेवर भिंतीला टेकून एक बारीक चणीची बाई बसली होती. तिचा उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडला होता. तोंडाची एक बाजू किंचित ओघळलेली होती. तिची नजर मात्र तव्यावर खिळली होती.

“थांबा,” ती म्हणाली. एकेक शब्द तिला ओढून आणावा लागत होता. “थांबा... आता. पलटा.”

दिघ्यांनी भाकरी पलटली.

दीपा उंबऱ्याशीच उभी राहिली. बाईचंच लक्ष आधी गेलं.

“कोन... हाय?”

“मी दीपा, मामी. एक्स्चेंजमधली.”

दिघ्यांचे पिठाचे हात जागच्या जागी राहिले. भाकरीची कड जळाल्याचा वास आला, तेव्हा त्यांनी ती चाचपून उतरवली. मग उठले, हात धुतले आणि ओट्यावर येऊन बसले. दीपा शेजारी बसली.

“मामा, किती दिवस झाले?”

समोर रस्ता होता, उसाची एक बैलगाडी चालली होती.

“दिवाळीपासनं,” ते म्हणाले. “उजव्यानं तर न्हाईच. डाव्यानं धुक्यातल्यावानी. मोतीबिंदू हाय म्हनं. तपासून आल्तो कोल्हारला.”

“मग ऑपरेशन?”

“करायचं म्हंजी महिनाभर रजा. रजा टाकली की वरनं मानूस यीतो. बन्सी वाघाचं म्हाईत हाय का तुमाला? अपेंडिक्सला म्हनून गेल्ता. बरा हून आला, तर खुर्चीवर दुसराच. त्याला पार जामखेडला टाकला.” त्यांनी आवाज खाली आणला. “मला चौदा महिनं ऱ्हायलेत. दोन वरसं झाली, हिची अर्धी बाजू गेली. हितं शेजारी कडूबाई हाय, सांजसकाळ उचलायला हात लावती. ऑफिस पावलावर हाय, दुपारी येता येतं. जामखेडला हिला घिऊन कुठं जाऊ?”

दीपानं नोंदवही मांडीवर ठेवली. मग तिनं सरळच सांगितलं.

“मामा, शनिवारी लॉक निघाला नव्हता. आज सकाळी मी काढला.”

त्यांना ते कळायला एक क्षण लागला. बोटांवर त्यांनी दिवस मोजले.

“पाच दीस?”

“पाच.”

“मी कळ दाबली हुती. दाबली हुती, मॅडम. बोटाला लागली न्हाई वाटतं शेवटची.” ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. “लिवा वर. माझी चूक हाय. तीस वरसांत एक न्हाई झाली, आता झाली. तुमी आपलं लिवा.”

“लिहिलं आहे,” दीपा म्हणाली. “लॉक राहिला होता, गुरुवारी काढला, असं लिहिलंय. खाली सही माझी आहे. शनिवारचं सोमवारी येऊन तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नाही.”

आतून भीमाबाईचा आवाज आला. “पोरीला... जेवाया... वाढा.”

त्या दुपारी दीपा पहिल्यांदा त्या घरात जेवली. भाकरी काठाला जाड होती. कुणाच्या हातची ते आता तिला कळलं होतं. ती सावकाश जेवली.

संध्याकाळी तिनं ऑफिसातल्या कपाटातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. दोन दिवस ते तिच्याबरोबर खोलीवर गेलं आणि परत आलं. शनिवारी साफसफाईच्या आधी तिनं दिघ्यांसमोर एक कागद ठेवला.

“तीस दिवसांपर्यंतची रजा मला मंजूर करता येते. फक्त मी लिहून द्यायचं, की कामाची व्यवस्था इथल्या इथं केली आहे, बदली माणूस नको. मग वरून कुणी येत नाही.”

“व्यवस्था कोनती केलीय?”

“मी आहे ना.”

“दोघांचं काम तुमी एकट्या करनार? महिनाभर?”

“शिपाई आहे. लाइनमन आहे. आणि तुम्ही शिकवलंय.”

दिघ्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

“आन मधीच काय झालं तर? उभीनं एकदा जरी उडी मारली तरी वर कागद जातो. मंग इचारतील, ड्यूटीवर कोन हुतं. मंग माझं आंधळेपन निघंल आन तुमचं लिवलेलंबी निघंल.”

“मग उडी मारू द्यायची नाही,” दीपा म्हणाली. “सही करा.”

सही कुठं करायची ते त्यांना दिसत नव्हतं. दीपानं त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोल्हारच्या नेत्रशिबिरात दिघ्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तीन रात्री ते तिथंच राहिले. चौथ्या दिवशी डोळ्यावर हिरवं फडकं बांधून घरी आले. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. महिन्याभरानं चष्मा मिळणार. तोवर त्या डोळ्यानं नुसता उजेड दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दीपा सकाळी साडेसातला एक्स्चेंज उघडू लागली. बारा वाजता शिपायाला बसवून ती दिघ्यांकडे जाई. भाकरी तिला येत होत्या, पण चुलीवर तिची गडबड होई. कोपरगावच्या घरी स्टोव्ह होता. पहिल्या दिवशी कडूबाई दारात येऊन उभी राहिली. चुलीपुढे बसलेल्या दीपाकडे आणि मग भीमाबाईकडे तिनं पाहिलं.

“मला हाक मारली असती तर मी आले नसते का करायला,” ती म्हणाली. म्हणाली भीमाबाईला, पण नजर पिठाच्या परातीवर होती.

भीमाबाईनं उत्तर जुळवायला वेळ घेतला.

“तू... सकाळी कर. दुपारची... ही करील.” मग डाव्या हातानं तिनं आपलं ताट दीपाच्या बाजूला सरकवलं. “वाढ... पोरी.”

कडूबाई निघून गेली. आठवडा गेला, आणि एका दुपारी दीपा आली तेव्हा चूल पेटवून ठेवलेली होती. पुढं रोजच पेटवून ठेवलेली असे. कडूबाई त्याबद्दल कधी बोलली नाही.

भीमाबाईला उठवून उन्हात बसवायचं, तिचा हात तेलानं चोळायचा, डाव्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवायचा. खाटेवर कुठं हात घालून उचलायचं, ते दिघे शेजारच्या खुर्चीवर बसून सांगत. त्यांना स्वतःला वाकायची बंदी होती. सांगताना त्यांचे हात हवेत उचलण्याची खूण करत. दीपा त्यांच्या हातांकडे पाहून शिकली.

दहाव्या दिवशी वरच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला.

“पगारे, दिघे रजेवर आहेत म्हणे. एक माणूस मोकळा आहे माझ्याकडे श्रीरामपूरला. त्यांच्या जागेवर देऊन टाकू?”

“त्यांची जागा रिकामी नाही, सर,” दीपा म्हणाली. रिसीव्हर तिनं दुसऱ्या हातात घेतला. “रजेवर आहेत. एप्रिलच्या चार तारखेला हजर होतील.”

“तुमचं काम अडत नाही ना?”

“नाही, सर.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “ठीक. अडलं तर सांगा.”

सतराव्या दिवशी अडलं. गुरुवार होता. सव्वाअकराच्या सुमारास दीपा नोंदवही लिहीत होती आणि अचानक तिला वाटलं, खोलीत काहीतरी कमी झालंय. ती उठली. चालती बाजूच्या दाराशी हात नेला. एरवी जाळीतून वारा लागे. आता नुसती ऊब लागत होती. आतला पंखा बंद पडला होता.

उष्णतेचा काटा तांबड्या खुणेपासून दोन बोटं दूर होता. यंत्र तापलं की त्याचं उत्तर द्यायचं चुकणार, आणि एक उत्तर चुकलं की उभी झडप घालणार. दीपानं आधी धुळीसाठी केसांना रुमाल बांधला, मग टर्मिनलपुढे बसली, लॉकची कमांड टाइप केली, वाचली, पुन्हा वाचली, आणि कळ दाबली. लॉक लागला. शिपायाला तिनं बाहेरच्या खोलीतला टेबलफॅन आणून यंत्राच्या उघड्या दारापुढे ठेवायला सांगितलं, आणि लाइनमनला बोलवायला पिटाळलं.

आता उरलं होतं ते दिघ्यांनी शिकवलेलं वेळखाऊ काम. एकेक प्रोग्रॅम हातानं उभीकडे द्यायचा. तक्रारींचा दिला. कॉल मोजण्याचा दिला. नवीन फोन उभीकडून जोडले जाऊ लागले. पण ज्यांची बोलणी आधीच चालू होती, ती चालतीवरच होती आणि ती संपेपर्यंत चालतीला बंद करता येत नव्हतं. पडद्यावर अशा चौदा ओळी होत्या. दीपा बघत बसली. चौदाच्या नऊ झाल्या. नवाच्या चार. काटा तांबड्या खुणेच्या एक बोट अलीकडे आला. चालती तापून पडली असती, तर उरलेली बोलणी तुटली असती आणि वर कागद गेला असता.

साडेबारा वाजले तेव्हा एकच ओळ उरली होती.

दारात सावली पडली. दिघे उभे होते. डोळ्यावर हिरवं फडकं, एक हात चौकटीवर. भिंतींना हात लावत लावत ते एकटेच आले होते.

“मामा! तुम्हाला बाहेर पडायचं नाही सांगितलंय ना?”

“तुमी जेवाया आल्या न्हाई,” ते म्हणाले. मान तिरकी करून त्यांनी ऐकलं. “चालतीचा पंखा गेला.”

“हो.”

“लॉक?”

“लावलाय. वाचून दाखवू?”

“नगं. तुमी लावला म्हनल्यावर लागला.” चाचपत ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. “किती उरल्यात?”

“एकच. दोनशे चौदा.”

“रंगुबाई,” दिघे लगेच म्हणाले. “बाजारातलं बूथ. लेक सुरतंला दिलीया तिची, गुरुवारी बोलती. पाच मिंटाच्या वर न्हाई बोलत कधी.”

“बावीस मिनिटं झाली.”

दीपाचं बोट कळेवर होतं. अशा वेळी एक ओळ तोडायची मुभा पुस्तकात होती, ती तिनं वाचली होती. रंगुबाईला वाटलं असतं, लाइन गेली. बोलता बोलता एकदा लाइन गेली म्हणून कुणी आजवर तक्रार केली नव्हती.

“काटा कुठं हाय?”

“खुणेला लागलाय.”

“लागू द्या. खुनंच्या पुढं अर्धं बोट गेला तरी ही धीर धरती. मी बघितलंय एका उन्हाळ्यात.” मग थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, “आज लेकीचं कायतरी आसंल. त्याबिगर बावीस मिंटं बोलायची न्हाई ती.”

दीपानं कळेवरचं बोट काढून घेतलं. टेबलफॅन दारापुढे घरघरत होता. शिपाई पुठ्ठ्यानं वारा घालत होता. मधे कधीतरी दिघ्यांचा हात आपोआप पुढे झाला, टर्मिनलच्या दिशेनं, आणि त्यांनी तो ओढून पुन्हा मांडीवर घेतला. तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

काटा खुणेच्या पुढं सरकला. दोनशे चौदाची ओळ पडद्यावरून गेली.

“गेली,” दीपा म्हणाली.

“करा मंग.”

तिनं शेवटचा प्रोग्रॅम उभीकडे दिला. चालती बाजू बंद केली. लाइनमन तोवर आला होता. दोघांनी मिळून पंखा उतरवला, गोदामातला जुना पण चालू पंखा बसवला. पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात गावात एकही फोन बंद पडला नाही. कुणालाच काही कळलं नाही. यंत्र पुन्हा सुरू झालं, दोन्ही बाजूंनी एकमेकींना उत्तरं द्यायला सुरुवात केली, तेव्हा दीपानं एकेक प्रोग्रॅम चालतीकडे परत दिला, लॉक काढला आणि ती स्टुलाकडे वळली.

“वाचते हं, मामा. लॉक निघाला. चालती चालू. उभी तयार.”

दिघ्यांनी मान हलवली. फडक्याखालून त्यांच्या गालावर पाणी आलं होतं. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी येतंच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“भीमा उपाशी बसलीय,” ते म्हणाले. “चला.”

घरी परतताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला नाही. दीपाच्या खांद्यावर हात ठेवून ते चालले, आणि वाटभर त्या पंख्याचं बेअरिंग कसं बघायचं ते सांगत राहिले.

रजेच्या शेवटच्या दिवशी, तीन एप्रिलला, दिघे चष्मा आणायला सकाळच्या एसटीनं कोल्हारला गेले. परत येताना ते घरी गेलेच नाहीत. फाट्यावर उतरून सरळ एक्स्चेंजकडे आले.

दीपा आतल्या खोलीत तारांच्या चौकटीपुढे होती. डोक्याला धुळीचा रुमाल, हातात ब्रश. शिपाई टपालाला गेला होता. तिनं पावलं ऐकली आणि मागं वळून पाहिलं. दारात दिघे उभे होते. नव्या चष्म्याची भिंगं जाड होती. त्यांच्यामागे त्यांचे डोळे मोठे आणि नवलात पडल्यासारखे दिसत होते. त्यांनी खोली पाहिली. छत पाहिलं, दोन्ही यंत्रं पाहिली, भिंतीवरचं कॅलेंडर जवळ जाऊन पाहिलं. मग त्यांची नजर तिच्यावर आली. ओळखीनं नाही, आली तशी थांबली, अनोळखी माणसाकडे पाहावी तशी.

“का गं बाय,” ते अदबीनं म्हणाले, “नवीन लागलीस का कामाला? मॅडम न्हाई आल्या अजून? मी दिघे. टेक्निशियन हाय हितला.”

दीपाच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

दिवाळीपासनं, ते म्हणाले होते. ती इथं रुजू झाली तेव्हा जून चालू होता. जून, जुलै, पोळा, गणपती, दसरा. रोज सकाळी या दारात त्यांनी तिला नमस्कार केला होता. रोज दुपारी डबा हातात दिला होता.

“मामा,” ती म्हणाली, “बसा ना. उन्हातून आलात.”

आवाज ऐकला आणि दिघे जागच्या जागी थांबले. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं. चष्मा त्यांनी नाकावर नीट बसवला. आपण काय बोलून गेलो, ते त्यांच्या ध्यानात आलेलं तिला दिसलं. काहीतरी सांगायला म्हणून त्यांनी हात उचलला.

“कसा आहे नंबर?” दीपानं मधेच विचारलं. “नीट दिसतंय का?”

दिघे तिच्याकडे पाहत राहिले. हात हळूहळू खाली आला.

“मला वाटलं हुतं, चाळिशीच्या असाल तुमी,” ते म्हणाले. “आवाज तसा हाय. लई पोरसवदा हाय वं, मॅडम.”

दीपा हसली. मग तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि खिडकीतून ऊन येत होतं तिथं, जरा पुढं सरकून उभी राहिली.